काचेचं झाकण ठेवलं की इलेक्ट्रिक कुकर रुसतो: नेहमीच्या तक्रारी आणि त्यावरचे उपाय

इलेक्ट्रिक प्रेशर कुकरवर काचेचं झाकण ठेवून भाजी, दही किंवा मोदक करायला घेतले की काही तक्रारी ठरलेल्याच असतात. कुकर पीं-पीं करत बसतो आणि पडद्यावर ‘लिड’ अशी अक्षरं दाखवतो. किंवा आत पाणी चांगलं खळखळत असतं, पण वेळेचा आकडा जागचा हलत नाही. कधी पदार्थ व्हायच्या आतच कुकर आपला आपण बंद होतो. मोदकांवर पाणी ठिबकतं, भाजी खाली लागते, दह्यावर पाणी साचतं. अमेरिका-कॅनडातल्या मराठी घरांत हा कुकर आता ओट्यावर कायमचा ठाण मांडून बसलाय. त्यामुळे दर गणपतीला मोदकांचा प्रश्न येतो आणि थंडी पडली की दह्याचा. उत्तरं तीच असतात, म्हणून सगळी एका जागी सविस्तर लिहिते आहे.

मी जे सांगते ते सहा क्वार्टच्या, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरच्या इन्स्टंट पॉटला धरून. कॅनडातल्या कंपनीने विकसित केलेला हा कुकर २०१० साली बाजारात आला आणि बटणांची जी नावं आज आपल्या तोंडात बसली आहेत ती बरीचशी त्याचीच. दुसऱ्या कंपनीच्या कुकरवर नावं थोडी इकडची तिकडे असतील, पण आतलं काम बहुतेक सारखंच चालतं.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण खालच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. या कुकरची बटणं दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारची बटणं दाबाची वाट बघतात. प्रेशर कुक, राइस, बीन, सूप, स्टीम ही सगळी त्यातली. जड झाकण फिरवून बसवलं, सिलिकॉनची रिंग घट्ट झाली, आत वाफ कोंडली आणि झाकणावरची छोटी पिन वर आली, की मगच ही बटणं वेळ मोजायला सुरुवात करतात. तेव्हा आत बाहेरच्या हवेपेक्षा ७० ते ८० किलोपास्कल जास्त दाब असतो आणि पाणी ११५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊन उकळतं. दुसऱ्या प्रकारच्या बटणांना दाबाशी काही देणंघेणं नाही. सॉटे (परतण्यासाठी), स्लो कुक (मंद आचेवर सावकाश शिजवण्यासाठी), योगर्ट (दह्यासाठी) आणि कीप वॉर्म (गरम ठेवण्यासाठी) ही चार बटणं फक्त भांड्याच्या बुडाशी असलेल्या सेन्सरकडून तापमान विचारतात आणि त्याप्रमाणे आच कमी-जास्त करतात.

काचेचं झाकण या दुसऱ्या प्रकारासाठीच आहे. त्याला वाफ जायला भोक असतं, ते फिरवून अडकत नाही, त्यामुळे आत दाब तयार होऊच शकत नाही. ते ठेवलं की तुमचा कुकर म्हणजे विजेवरचं एक जाड बुडाचं पातेलं. आच किती आणि वेळ किती हे मग यंत्र ठरवत नाही, तुम्ही ठरवायचं. मला स्वतःला कुकरचा हा उपयोग दाबाइतकाच मोलाचा वाटतो, कारण आपल्या स्वयंपाकात शिट्टीची कामं थोडी आणि ‘एक वाफ आणायची’ कामं पुष्कळ.

पडद्यावर ‘लिड’ येतं आणि कुकर वाजत राहतो

याची दोन कारणं आहेत आणि ती एकमेकांच्या बरोबर उलट आहेत. पहिलं, वर काचेचं झाकण आहे आणि बटण दाबाचं दाबलंय. दुसरं, बटण सॉटेचं दाबलंय आणि वर दाबाचं जड झाकण बसवून ठेवलंय. दोन्ही वेळा कुकर सांगत असतो की झाकण आणि बटण जुळत नाही.

माझी भाची शिकायला इथे आली तेव्हा तिचा संध्याकाळी फोन आला. “मावशी, कुकर बिघडला गं. उसळ फोडणीला टाकली, झाकण लावलं, आणि तो नुसता ओरडतोय.”

“कुठलं झाकण लावलंस?”

“त्याचंच. मोठं, फिरवायचं.”

“आणि बटण?”

“सॉटे.”

“मग ते काढ आणि काचेचं ठेव. नाहीतर ताट ठेव वर.”

आवाज तिथल्या तिथे थांबला. फोडणी करून थेट शिट्टीच्या कुकरसारखं झाकण बंद करायची आपल्याला सवय असते, म्हणून हे वारंवार होतं. सॉटेवर फोडणी, परतणं झालं आणि उसळ दाबावर शिजवायची असेल, तर आधी कॅन्सल दाबायचं, पाणी घालून बुडाला चिकटलेला मसाला उलथन्याने सोडवायचा, जड झाकण लावायचं आणि मग प्रेशर कुक. मोड आलेली मटकी नुसत्या वाफेवर शिजवायची असेल तर सॉटे चालू राहू द्यायचं आणि वर काच.

पाणी उकळतंय पण वेळ सरकत नाही

बहुतेक वेळा स्टीम हे बटण दाबलेलं असतं. नाव ‘स्टीम’ आहे म्हणून आपण इडली, ढोकळा, मोदक यासाठी तेच दाबतो, आणि नावावरून तसं वाटणं साहजिक आहे. पण ते दाबाचं बटण आहे. दाब आल्याशिवाय त्याचं घड्याळ सुरू होत नाही, आणि काचेखाली दाब कधीच येणार नाही. जड झाकण लावून वरची व्हॉल्व्ह उघडी ठेवून इडल्या करणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, कारण तिथेही वाफ निघून जात असते.

यात एक धोका आहे. ज्या कुकरला झाकण आहे की नाही हे कळत नाही, तो दाबाची वाट बघत पूर्ण आच देत राहतो आणि तळाचं पाणी आटून जातं. म्हणून काचेखाली वाफवायचं तर बटण सॉटेचं आणि वेळ फोनवर किंवा भिंतीवरच्या घड्याळावर.

राइस बटणाचंही तेच. काचेचं झाकण असलेला साधा राइस कुकर वेगळा. त्यात पाणी आटलं की बूड १०० अंशांच्या वर तापतं आणि बटण खटकन वर येतं. इथे ती सोय नाही. भाताला जड झाकणच बरं.

मोदकांवर पाणी ठिबकतं, कळ्या बसतात

उकडीच्या मोदकांना दाब नकोच. दाबात पारी जास्त ओली होते, कळ्या बसतात, आणि वाफ सोडताना मोदक फुटतात. मोकळी वाफ हवी, मोदकपात्रात असते तशी. म्हणजे सॉटे आणि काचेचं झाकण ही जोडी मोदकांसाठी अगदी योग्य आहे, फक्त तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट पाण्याची. सहा क्वार्टच्या कुकरचा हीटर १००० वॉटचा असतो. तो पूर्ण जोरात चालला तर मिनिटाला साधारण २५ मिली पाण्याची वाफ करू शकतो. त्यातलं थोडं काचेवर जमून परत खाली येतं, पण बरंचसं भोकातून आणि कडेने निघून जातं. दोन वाट्या पाणी घालून निर्धास्त बसलात तर दुसऱ्या घाण्याला भांडं कोरडं पडेल. पाऊण लिटर तरी पाणी घाला. मग कुकरबरोबर आलेली जाळी पाण्याच्या फार जवळ येते आणि उकळीचे शिंतोडे खालून मोदकांना लागतात, म्हणून उंच पायांची जाळी घ्या किंवा आहे त्या जाळीखाली स्टीलची रिंग ठेवा. पाणी आधी सॉटेच्या सगळ्यात मोठ्या आचेवर उकळून घ्यायचं आणि चाळणी आत ठेवली की आच मधल्या पायरीवर आणायची.

दुसरी गोष्ट फडक्याची. काचेचं झाकण घुमटाकार असलं तरी सगळं पाणी कडेला ओघळत नाही. थंड काचेवर वाफ जमते, थेंब मोठे होतात आणि सरळ खाली पडतात. थेंब पडलेल्या जागी पारी पांढरट, गिळगिळीत दिसते, ढोकळ्याला खड्डा पडतो. झाकणाला पातळ सुती फडकं आतून ताणून बांधा. जुन्या पंचाचा तुकडा उत्तम. चारी टोकं वर घेऊन मुठीशी गाठ मारायची. टोकं खाली लोंबू द्यायची नाहीत, कारण ती कुकरच्या गरम अंगाला किंवा बटणांच्या पट्टीला लागतात. फडकं जाड टर्किशचं नको, वाफेला वाट राहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट झाकण उचलण्याची, आणि हिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. फडकं नसेल तर झाकण तिरकं करून उचललं की कडेला जमलेलं सगळं पाणी एका बाजूच्या तीन-चार मोदकांवर जातं. झाकण सपाट धरूनच वर उचला, तसंच आडवं बाजूला न्या आणि सिंकवर गेल्यावरच तिरकं करा. हात मात्र कपड्याने झाकलेला असू द्या, कारण सरळ उचलताना चारी बाजूंनी वाफ येते.

भोकातून आणि कडेने एकसारखी वाफ यायला लागल्यापासून दहा-बारा मिनिटं धरा. काचेतून डोकावायचा मोह होतो, पण काच धुरकट झालेली असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका. पारी चकचकीत दिसली आणि ओलं बोट लावल्यावर चिकटली नाही की मोदक झाले. खाली हळदीचं पान असेल तर काय विचारता, पण परदेशात ते सहसा मिळत नाही. भारतीय किंवा आशियाई दुकानातलं गोठवलेलं केळीचं पान चालतं.

कोथिंबीर वडी, अळूवडी, ढोकळा याच पद्धतीने होतात. अळूच्या जाड उंड्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि तिथे पुढची तक्रार उभी राहते.

कुकर मध्येच बंद होतो, किंवा ‘हॉट’ येतच नाही

सॉटे हे परतण्यासाठी दिलेलं बटण आहे. कुणी विसरून गेलं तर आग लागू नये म्हणून ते जास्तीत जास्त ३० मिनिटं चालतं आणि बंद होतं. हा बिघाड नाही, ती सुरक्षा आहे. पाणी उकळायला गेलेली मिनिटंही त्या तिसातच मोजली जातात, त्यामुळे अळूवडी निम्मी झालेली असताना कुकर थंड पडायला लागतो. किटलीत पाणी उकळून ओतलंत तर ती मिनिटं वाचतात. नाहीतर पाणी उकळलं की एकदा कॅन्सल करून सॉटे पुन्हा दाबा आणि तिथून वेळ धरा. पुन्हा दाबण्याआधी पाणी किती उरलंय ते बघायला विसरू नका.

‘हॉट’ची गोष्ट वेगळी. कोरड्या भांड्यात किंवा तेलात बूड ठरलेल्या तापमानाला पोचलं की हे अक्षर येतं. सॉटेच्या मधल्या पायरीला ते तापमान १६० अंशांच्या वर असतं. भांड्यात पाणी असेपर्यंत बूड तिथे पोचतच नाही, पाणी त्याला १०० च्या आसपास धरून ठेवतं. म्हणून पाणी घालून ‘हॉट’ची वाट बघण्यात अर्थ नाही. उकळी दिसली की काम सुरू करा. आणि उलट, काचेखाली भाजी शिजत असताना अचानक ‘हॉट’ आलं तर पाणी आटलंय असं समजून लगेच झाकण काढा.

भाजी खाली लागते

कोबी, दोडका, वांगी-बटाटा, फरसबी. काचेखाली या भाज्या खाली लागतात आणि वर कच्च्या राहतात ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते. काचेच्या झाकणाने भाजी करायची तर आपल्या आईची पद्धत का मोडते हे इथे नीट बघण्यासारखं आहे.

घरी भाजी फोडणीला टाकली की वर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओतायचे. त्या पाण्यामुळे ताटली थंड राहते. भाजीतून निघालेली वाफ ताटलीच्या खालच्या बाजूला लागते, तिचं पाणी होतं आणि ते भाजीवर परत पडतं. भाजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. वर ठेवलेलं पाणी हळूहळू गरम होतं, आणि भाजीला पाणी कमी वाटलं तर तेच गरम पाणी वापरता येतं, थंड पाणी घालून शिजणं अडत नाही. काचेचं झाकण यातलं एकही काम करत नाही. ते घुमटाकार, वर मूठ, त्यावर पाणी राहत नाही. थोड्याच वेळात काच तापते, वाफ जमायची थांबते आणि भोकातून निघून जाते. भाजी कोरडी पडते.

त्यात कुकरच्या भांड्याचा स्वभाव. बऱ्याच स्टीलच्या भांड्यांचं बूड मध्यभागी किंचित वर आलेलं असतं, त्यामुळे तेल कडेला पळतं आणि मधला भाग उघडा पडतो. नेमकी तिथेच आच जोरात. आपल्या कढईत तेल मध्ये येतं, इथे उलट.

उपाय साधा आहे. ओल्या भाजीसाठी, म्हणजे दुधी, पडवळ, पालेभाजी यांना, काच चालते कारण त्यांना स्वतःचं पाणी भरपूर असतं. कोरड्या भाजीसाठी काच बाजूला ठेवा आणि भांड्याच्या तोंडापेक्षा दोन बोटं मोठी, काठ असलेली स्टीलची ताटली पाणी घालून ठेवा. सॉटेला ती चालते, कुकरला काही कळत नाही. ताटली हलत नाही ना हे पाणी ओतायच्या आधी बघा आणि उचलताना सांडशी वापरा. आच सॉटेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. मधल्या पायरीवर फोडणी आणि परतणं झालं की आच उतरवायलाच हवी, ती विसरली तर कुठलंही झाकण भाजी वाचवू शकत नाही.

साबुदाण्याच्या खिचडीला मात्र मी काचच पसंत करते, पण आच बंद करून. खिचडी परतून झाली की कॅन्सल दाबायचं, काच ठेवायची, दोन-तीन मिनिटांत जाड बुडाच्या उरलेल्या उष्णतेवर वाफ येते. मग काच काढून आतून पुसायची. पाणी खिचडीवर पडलं तर गोळा झालाच म्हणून समजा. पोहे आणि उपमा यांनाही हेच लागू.

दह्यावर पाणी साचतं, किंवा दही लागतच नाही

हिवाळ्यात इथली घरं २० अंशांवर ठेवलेली असतात, ओट्यावर विरजण लावून दही लागत नाही, म्हणून योगर्टचं बटण फार कामाचं. आणि दह्यासाठी काचेचं झाकण मला जड झाकणापेक्षा शंभर पटीने बरं वाटतं. कारण सिलिकॉनची रिंग हिंग, लसूण, गरम मसाला यांचा वास धरून ठेवते, घासूनही तो पूर्ण जात नाही, आणि रात्रभर त्या रिंगखाली राहिलेल्या दह्याला आमटीचा वास येतो. काचेला वास लागत नाही.

पाणी साचण्याची दोन वेगळी कारणं आहेत, ती आधी ओळखा. वरवर चार थेंब साधं पाणी आणि खाली दही घट्ट असेल, तर ते काचेवरून पडलेलं आहे. आत दूध ४० अंशांच्या आसपास, बाहेर काच थंड, म्हणून रात्रभर थेंब पडत राहतात. झाकणाखाली पातळ कोरडं फडकं ताणून बांधलं की हे थांबतं. काचेवर घडी घातलेला टॉवेल ठेवला तरी काच उबदार राहते आणि थेंब कमी होतात. टॉवेल फक्त काचेपुरता, कुकरच्या अंगावर नको, आणि हे फक्त योगर्टच्या मंद उबेवर, सॉटेवर कधीही नाही.

पिवळसर पाणी कडेने सुटलं असेल आणि दही सैल असेल, तर ते दह्याचंच पाणी आहे. जास्त वेळ राहिलं, लागताना हललं, किंवा दूध पुरेसं तापलं नव्हतं. दूध ८०-८५ अंशांपर्यंत तापवलं की त्यातली प्रथिनं उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात, दही घट्ट लागतं. कुकरमध्ये योगर्टचं बटण पुढे नेलं की ‘बॉइल’ येतं, ते दूध साधारण ८३ अंशांपर्यंत तापवून थांबतं. पण काचेखाली वरचं दूध खालच्यापेक्षा थंड राहतं आणि सेन्सर तर बुडाशी असतो. म्हणून मधून ढवळा, शेवटी थर्मामीटरने मध्यभागी बघा, कमी असेल तर ‘बॉइल’ पुन्हा लावा.

मग ४३ अंशांपर्यंत निवू द्या, कोमट दुधात कालवलेलं विरजण लिटरला एक-दोन चमचे घाला आणि योगर्टवर सहा ते आठ तास. गोड दही हवं तर सहाच्या जवळ, आंबट हवं तर आठच्या पुढे. कीप वॉर्मवर दही लावायला जाऊ नका. तिथे ६० अंशांच्या वर तापमान जातं आणि विरजणातले जिवाणू मरतात. लागलेलं दही हलवायच्या आधी फ्रिजमध्ये पूर्ण गार करा.

स्लो कुकवर पदार्थ तासन् तास कच्चा

स्लो कुकसाठी काच चांगली, पण लक्षात घ्या की मातीच्या भांड्याचे साधे स्लो कुकर कडेनेही तापतात आणि हा फक्त बुडातून. त्यामुळे त्यांच्या पाककृतीतला वेळ इथे पुरत नाही. सगळ्यात वरची पायरी लावा, आणि मटणाचा रस्सा असेल तर आधी सॉटेवर उकळी आणून मगच स्लो कुक दाबा. गोठलेलं मांस थेट टाकू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या सूचनेप्रमाणे ४ ते ६० अंशांच्या मधे अन्न फार वेळ राहता कामा नये, आणि बर्फाचा गोळा तिथेच रेंगाळतो.

राजम्याबद्दल मी कळकळीने सांगते: तो स्लो कुकवर शिजवू नका. लाल राजम्यात एक नैसर्गिक विषारी प्रथिन असतं. खळखळत्या उकळीने ते नष्ट होतं, पण स्लो कुकच्या खालच्या पायऱ्यांवर ८०-९० अंशांना ते तसंच राहतं, आणि राजमा मऊ दिसला तरी उलट्या-जुलाब होऊ शकतात. राजमा रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, आणि जड झाकण लावून दाबावर शिजवा. काचेखालीच करायचा असेल तर आधी सॉटेवर ताज्या पाण्यात अर्धा तास चांगला खळखळून उकळा. डेन्व्हरसारख्या १६०० मीटर उंचीच्या गावात राहत असाल तर तिथे पाणी ९५ अंशांनाच उकळतं, म्हणजे डाळी-कडधान्यं काचेखाली करण्यात शहाणपण नाही.

उतू जातं आणि कुकरच्या आत उतरतं

दूध, वरण, शेवयांची खीर. फेस आला की काच वर उचलली जाते आणि भोकातून पिचकारी उडते. फेस येणाऱ्या पदार्थावर काच पूर्ण बसवू नका, पळी आडवी ठेवून तिच्यावर टेकवा, आणि भांडं निम्म्याच्या वर भरू नका. बासुंदी आटवताना तर झाकणाचं कामच नाही.

उतू गेलंच तर नुसता वरचा काठ पुसून चालत नाही. कॅन्सल करा, प्लग काढा, गार होऊ द्या, आतलं भांडं उचला आणि हीटरची तबकडी बघा. तिच्यावर दूध करपलेलं असेल तर ओल्या फडक्याने पुसा, मधल्या सेन्सरच्या भोवती विशेष लक्ष द्या. तिथे थर राहिला तर पुढच्या वेळी भांडं नीट टेकत नाही आणि कुकर भलतंच तापमान वाचतो. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय प्लग लावू नका.

झाकण डगमगतं किंवा तडकतं

सहा क्वार्टला साधारण ९ इंची आणि आठ क्वार्टला १० इंची झाकण लागतं. विकत घेण्याआधी घरातल्या कढया-पातेल्यांची झाकणं बसवून बघा, एखादं चपखल बसतं. कसोटी एकच: झाकण आतल्या स्टीलच्या भांड्याच्या काठावर टेकलं पाहिजे, कुकरच्या बाहेरच्या काळ्या कड्यावर नाही. तिथे टेकलं तर काचेवरून ओघळणारं पाणी भांड्यात न पडता बाहेरच्या खोबणीत जातं, आणि खोबण भरली की खाली उतरतं.

ही काच टफन केलेली असते. ती साध्या काचेपेक्षा बरीच मजबूत, पण फुटली की एकदम पूर्ण फुटते, बारीक खडे होतात. गरम झाकण ग्रॅनाइटच्या ओल्या ओट्यावर ठेवणं, नळाखाली धरणं, रिकामं भांडं झाकून सॉटेच्या मोठ्या आचेवर तापवणं, हे तिन्ही टाळा. लाकडी पाटावर किंवा दुमडलेल्या फडक्यावर ठेवा. धुताना स्टीलच्या कड्याच्या आत बोट फिरवून बघा, काठाला टवका गेलेला असेल तर ते झाकण पुन्हा आचेवर नेऊ नका. भोकाभोवतीच्या धातूच्या रिंगेखाली पिठाचा चिकटा साठतो, तो दात घासायच्या जुन्या ब्रशने निघतो. भोक बुजलं तर वाफ एका बाजूने जोर करते आणि झाकण खडखडायला लागतं.